संगणकाशी गप्पा : डबे मोजके, वाट लांब



आज सुरुवातीलाच एक कोडं. कागद-पेन्सिल घेऊन बसा हं!

समजा, मुंबईत एक कचेरी आहे. तिथून दोन फाइली पाठवायच्या आहेत. दोन्ही अगदी सारख्या, प्रत्येकी १ गिगाबाइटच्या, म्हणजे १०० कोटी बाइटच्या. एक जायची आहे पुण्याच्या सर्व्हरवर आणि दुसरी अमेरिकेतल्या सर्व्हरवर. (सर्व्हर म्हणजे फाइली सांभाळणारा आणि मागेल त्याला त्या देणारा संगणक, हे तुम्हांला ठाऊक आहेच.) पाठवणारा संगणक तोच. इंटरनेटची लाइनही तीच, सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी. पुण्याची फाइल दीड मिनिटाच्या आत पोचली. आणि अमेरिकेच्या फाइलीला लागली तब्बल ५१ मिनिटं!

साहेब वैतागले. त्यांनी दसपट मोठी लाइन घेतली, दाम मोजले आणि फाइल पुन्हा पाठवली. आता किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं?

छे! पुन्हा ५१ मिनिटंच.

असं कसं? रस्ता दसपट रुंद झाला तरी गाडी तितक्याच वेळात? लगेच उत्तर शोधायला पान उलटू नका. आज आपण दोघं मिळून गुप्तहेरासारखा तपास करणार आहोत. पण त्याआधी जरा गोवंडीला जाऊन येऊ.

गोवंडीला येणारं टपाल

हार्बर लाइनची लोकल पकडली की चेंबूरनंतर गोवंडी आणि मग मानखुर्द. गोवंडी म्हटलं की पुष्कळांना फक्त देवनारचा कचऱ्याचा डोंगर आठवतो. पण त्याच गोवंडीत, गोवंडी स्टेशन रोडवर, एक मोठी संस्था आहे. तिचं नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. ती १९५६ साली सुरू झाली. आपल्या देशात लहान मुलांचं वजन किती, उंची किती, त्यांना लस मिळाली की नाही, आयांच्या अंगात रक्त पुरेसं आहे की नाही, हे शोधणारी एक प्रचंड पाहणी या संस्थेच्या देखरेखीखाली होते. तिचं नाव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिली पाहणी १९९२-९३ साली झाली. तेव्हा सगळी उत्तरं कागदावर लिहून घ्यायचे. पुढे चौथ्या पाहणीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून, घरोघरी जाणाऱ्या पथकांच्या हातात छोटे संगणक आले.

पाचवी पाहणी झाली २०१९ ते २०२१ या काळात. आकडे ऐका. ६,३६,६९९ घरं! ७,२४,११५ बायका आणि १,०१,८३९ पुरुष यांच्याशी बोलणं झालं. काश्मीरच्या डोंगरातलं घर असो, गडचिरोलीच्या जंगलातलं असो की आपल्याच मुंबईतल्या चाळीतलं असो, तिथली माहिती रोजच्या रोज इंटरनेटवरून गोवंडीला येत होती.

आता तुम्ही म्हणाल, 'रोजच्या रोज कशाला? महिन्याने आली असती तर काय बिघडलं असतं?' चांगला प्रश्न आहे. पथक एका गावात थोडेच दिवस असतं. समजा, एखाद्या बाळाचं वजन ९ किलोऐवजी ९० किलो लिहिलं गेलं. माहिती लवकर पोचली तर चूक लवकर सापडते आणि पथकाला कळवता येतं. उशिरा पोचली तर पथक चार गावं पुढे गेलेलं असतं. मग त्या बाळाचं खरं वजन कोण सांगणार? फाइल उशिरा पोचली की असं नुकसान होतं. नुसता वेळ जात नाही, कधी कधी खरी गोष्टच हातातून निसटते.

गोवंडीच्या संस्थेत फाइली हळू येत होत्या, असं मी म्हणत नाही बरं का! आपलं कोडं काल्पनिकच आहे. पण दूरदूरचे संगणक एकमेकांना फाइली पाठवतात तेव्हा काय काय अडचणी येऊ शकतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

चला, आता तपासाला सुरुवात!

पहिलं काम : मोजा

गुप्तहेर आधी भिंग काढतो, मग बोट दाखवतो. आपणही तसंच करायचं. 'नेट स्लो आहे' असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. आपल्याला तीन गोष्टी मोजायच्या आहेत.

एक, लाइन किती रुंद आहे? म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात? इथे एक गंमत लक्षात ठेवा. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला १०० मेगाबाइट नाही, फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. अर्ध्या तक्रारी तर इथेच मिटतात!

दोन, वाट किती लांब आहे? म्हणजे इथून हाक मारली तर तिकडून 'ओ' यायला किती वेळ लागतो? हे मोजायला संगणकात 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती पलीकडच्या संगणकाला टिचकी मारते आणि उत्तर यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दाखवते. १,००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद. मुंबईहून पुण्याची फेरी ५ मिलिसेकंदांची धरू आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची २०० मिलिसेकंदांची.

तीन, वाटेत काही हरवतंय का? शंभर टिचक्या मारल्या आणि ९८ उत्तरं आली, तर दोन कुठेतरी गळाली. हेही पिंगच सांगतं.

आणि हो, संगणकाची डिस्कही तपासायची. कधी कधी लाइन धावायला तयार असते, पण जुनी डिस्कच फाइल हळूहळू वाचून देत असते. विहीर आटलेली असेल तर पोहऱ्याला बोल लावून काय उपयोग?

आपल्या कोड्यात लाइन ठीक आहे, डिस्क ठीक आहे, काही हरवतही नाही. मग उरलं काय? वाटेची लांबी. पण दूरची फाइल थोडी उशिरा सुरू होईल हे समजू शकतं. एकदा सुरू झाल्यावर ती धो धो का वाहत नाही?

आजीचे चार डबे

समजा, तुम्ही गोवंडीत राहता आणि तुमची आजी सावंतवाडीला. आजीला तुमच्यासाठी शंभर डबे भरून लाडू पाठवायचे आहेत. पण आजीकडे डबे आहेत फक्त चार. ती चार डबे भरते आणि एसटीने पाठवते. दुसऱ्या दिवशी ते तुम्हांला मिळतात. तुम्ही ते रिकामे करून परतीच्या एसटीने धाडता. रिकामे डबे हातात आले की मगच आजी पुढचे चार भरणार. तोवर ती काय करणार? वाट बघत बसणार!

आता सरकारने रस्ता चौपदरी केला. मग आठपदरी केला. लाडू लवकर आले? नाही! कारण आजीचे डबे चारच.

आणि आजी सावंतवाडीऐवजी पनवेलला राहत असती तर? सकाळी भरलेले डबे आले, दुपारी रिकामे परत गेले, संध्याकाळी पुन्हा भरून हजर. डबे तेच चार, पण लाडवांची चंगळ!

संगणकाचंही अगदी असंच असतं. मोठी फाइल एका दमात जात नाही. तिचे साधारण दीड-दीड हजार बाइटचे तुकडे होतात. आपण त्यांना पुडकी म्हणू. पुडकं मिळालं की पलीकडचा संगणक पोच देतो, आपण रजिस्टर पत्राची पोच देतो तशी. ही पोच आली नाही तर पाठवणारा ते पुडकं पुन्हा पाठवतो. म्हणून तर फाइल अख्खीच्या अख्खी पोचते. या नियमांचं नाव टीसीपी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली त्याची पहिली मांडणी केली.

पण पोच न येता एका वेळी किती माल वाटेवर असू द्यायचा? त्याला मर्यादा असते. तिला म्हणतात 'खिडकी'. हेच आजीचे डबे! जुन्या नियमात ही मर्यादा लिहायला १६ बिटांची जागा ठेवली होती. १६ बिटांत मोठ्यात मोठी संख्या कोणती मावते? २ ला २ ने गुणत १६ वेळा २ घ्या आणि त्यातून १ वजा करा. आलं उत्तर? ६५,५३५. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेवर. त्यांची पोच आल्याशिवाय पुढचा माल नाही.

आता कोडं सोडवू. अमेरिकेची एक फेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ६५,५३५ बाइट. ५ ने गुणलं तर ३,२७,६७५ बाइट. एका सेकंदात एवढंच! १०० कोटींना त्याने भागा. सुमारे ३,०५२ सेकंद, म्हणजे ५१ मिनिटं. जुळलं की नाही?

आणि या हिशेबात लाइनची रुंदी कुठे आली? कुठेच नाही! म्हणून तर साहेबांचे पैसे वाया गेले.

पुण्याची फेरी ५ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या. ६५,५३५ गुणिले २०० म्हणजे १ कोटी ३१ लाख बाइट. लाइन तर सेकंदाला १ कोटी २५ लाखच नेऊ शकते. म्हणजे डबे पुरून उरले, लाइन काठोकाठ भरली आणि फाइल ८० सेकंदांच्या आसपास पोचली. हात्तिच्या! एवढंच होतं तर.

'मग ही अमेरिकेची फेरी आपण ५ मिलिसेकंदांची का करत नाही?' असं विचारणाऱ्यांना शंभरपैकी शंभर मार्क! पण तिथे निसर्ग आडवा येतो. समुद्राखालून गेलेल्या केबलमध्ये काचेचे केसासारखे बारीक तंतू असतात. त्यांतून प्रकाश धावतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ मोजला तरी सुमारे १३,००० किलोमीटर भरतो. जाऊन-येऊन २६,०००. म्हणजे १३० मिलिसेकंद तर नुसत्या प्रवासालाच हवेत. आणि केबल काही सरळ जात नाही, ती समुद्रातून वळसे घेत जाते. तेव्हा वाट आखूड करणं आपल्या हातात नाही. डबे वाढवणं मात्र आहे!

डबे वाढवायचे कसे?

किती डबे हवेत, ते आधी काढू. लाइन सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइट नेते आणि फेरी आहे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची. मग पाचाने भागा. २५ लाख बाइट. एवढा माल सतत वाटेवर राहिला पाहिजे, तरच लाइन रिकामी राहणार नाही. सूत्र पाठ करून ठेवा: लाइनचा वेग गुणिले फेरीचा वेळ.

पण नियमात तर जागा १६ बिटांचीच! मग १९९२ साली व्हॅन जेकबसन, रॉबर्ट ब्रॅडन आणि डेव्हिड बोरमन यांनी एक झकास युक्ती अधिकृत केली. जागा तेवढीच ठेवायची. फक्त दोन्ही संगणकांनी पहिल्या नमस्कारातच ठरवून घ्यायचं, की 'मी जी संख्या लिहीन, तिला अमक्याने गुणून वाच हं!' नकाशाच्या कोपऱ्यात 'एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर' असं लिहिलेलं असतं ना, तसंच. या युक्तीने डबे १०७ कोटी बाइटपर्यंत वाढवता येतात.

आजचे संगणक ही युक्ती आपणहून वापरतात. पण तीन ठिकाणी अजूनही घोटाळा होऊ शकतो. एक, कुणीतरी फार पूर्वी संगणकात लहान आकडा नक्की करून ठेवलेला असतो आणि मग तो सगळेच विसरतात. दोन, मधलं एखादं राखणदार यंत्र पहिल्या नमस्कारातली ती खूणच पुसून टाकतं. तीन, फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामचाच खिसा लहान असतो. म्हणून तपास करणारा माणूस आधी प्रोग्राम बदलून पाहतो, मग आकडे पाहतो आणि लाइन बदलायचा विचार अगदी शेवटी करतो.

आणखी एक युक्ती आहे. आजीकडे डबे चारच ना? मग मावशी, काकू आणि आत्यालाही कामाला लावा! प्रत्येकीकडे चार-चार डबे. फाइलचे भाग करायचे आणि ते एकाच वेळी वेगवेगळ्या धारांनी पाठवायचे. आपल्या कोड्यात आठ धारा सोडल्या, तर ५१ मिनिटांची साडेसहा मिनिटं होतील. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या प्रयोगाच्या माहितीचं एक केंद्र आहे. अशा जगभरच्या केंद्रांमध्ये फाइली पाठवायला वर्षानुवर्षं ग्रिडएफटीपी नावाची पद्धत वापरली गेली. तिच्यात नेमकी हीच सोय होती, एका फाइलीच्या अनेक धारा.

पण जपून! लाइन चारजणांची असेल आणि तुम्ही एकट्यानेच पन्नास धारा सोडल्या, तर बाकीचे उपाशी राहतील. सोसायटीच्या पाण्याला मोटर लावून सगळं पाणी ओढणारा शेजारी कुणाला आवडतो का?

पुडकं हरवलं तर?

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात एक अजब प्रकार घडला. बर्कलीचं विद्यापीठ आणि तिथली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर केवढं? ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर. शाळेच्या मैदानाला एक चक्कर मारावी एवढंच! त्यांच्यातला संगणकांचा वेग सेकंदाला ३२,००० बिट होता. तो एकाएकी ४० बिटांवर आला. आठशे पटींनी कमी! सेकंदाला पाच अक्षरं. कुणी पायी जाऊन वाचून दाखवलं असतं तरी लवकर झालं असतं.

व्हॅन जेकबसन तेव्हा त्या प्रयोगशाळेत होते. (हो, वर आले तेच!) त्यांनी शोध घेतला, तेव्हा कारण सापडलं. लाइनवर गर्दी झाली की पुडकी गळायची. पुडकं गळलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवायचा. त्यामुळे गर्दी आणखी वाढायची आणि आणखी पुडकी गळायची. गोवंडी स्टेशनावर गाडी आली, आत शिरायला जागा नाही आणि मागचे मात्र 'चलो चलो' करत ढकलताहेत, असं झालं की कुणीच चढू शकत नाही. तसलाच प्रकार!

जेकबसन यांनी उपाय सुचवला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. सुरुवात बेताने करा. सगळं नीट पोचतंय असं दिसलं की वेग वाढवा. पुडकं हरवलं तर गर्दी आहे असं समजा आणि वाटेवरचा माल निम्मा करा. मग पुन्हा हळूहळू वाढवत जा. सगळ्या संगणकांनी असं समजूतदारपणे वागायचं ठरवलं, म्हणून इंटरनेट वाचलं.

पण या समजूतदारपणाची एक किंमत आहे. जुन्या पद्धतीत निम्म्यावर आल्यावर दर फेरीला एकच पुडकं वाढवायचं. अमेरिकेच्या वाटेवर आपल्याला २५ लाख बाइट, म्हणजे सुमारे १,७०० पुडकी हवीत. एक हरवलं की ८५० वर. परत १,७०० वर यायला ८५० फेऱ्या. एक फेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे १७० सेकंद. जवळजवळ तीन मिनिटं! तेवढ्यात दुसरं हरवलं तर पुन्हा खाली. सापशिडीच्या पटावर नेमक्या सापाच्या तोंडी जाण्यासारखं. पुण्याच्या वाटेवर मात्र ४३-४४ पुडकीच पुरतात. निम्म्यावरून वर यायला २०-२२ फेऱ्या, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. कुणाला कळणारसुद्धा नाही.

आता यातली खरी गोम बघा. समजा, गोवंडीतल्या एखाद्या खोलीत टेबलाखालची वायर सैल झाली आहे आणि अधूनमधून एखादं पुडकं गळतंय. पुण्याला फाइली झटपट जातात. अमेरिकेला मात्र रखडतात. मग सगळे म्हणतात, 'अमेरिकेकडेच काहीतरी बिघाड आहे!' आणि बिघाड असतो आपल्याच टेबलाखाली. म्हणून शहाणा माणूस दूर बोट दाखवण्याआधी जवळची वायर बदलून बघतो.

पुढे शास्त्रज्ञांनी यावरही तोडगे काढले. क्यूबिक नावाच्या पद्धतीत निम्म्यावरून वर येताना एकेक पायरी न चढता उड्या मारत चढता येतं. २००६ पासून लिनक्समध्ये तीच वापरात आली. २०१६ साली गूगलने बीबीआर नावाची पद्धत पुढे आणली. ती एखादं पुडकं हरवलं म्हणून लगेच घाबरत नाही, वाटेचा वेग आणि फेरीचा वेळ स्वतः मोजत राहते.

बारीकसारीक फाइली

कधी कधी फाइल मोठी नसते, पण फाइली खूप असतात. समजा, १०,००० घरांच्या १०,००० छोट्या फाइली आहेत. प्रत्येक फाइलीआधी संगणक विचारतो, 'पाठवू का?' आणि पलीकडून 'पाठव' येतं. झाली एक फेरी. १०,००० फेऱ्या गुणिले सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे २,००० सेकंद. तेहेतीस मिनिटं नुसती विचारपूस! उपाय साधा आहे. सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधा, जमलं तर दाबून लहान करा आणि ते एकदाच पाठवा. वाण्याकडून आपण एकेक शेंगदाणा आणतो का?

आणि जे आधीच पोचलंय ते पुन्हा का पाठवायचं? ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आरसिंक नावाचा प्रोग्राम केला. तो दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहतो आणि बदललेला भागच पाठवतो. शंभर पानांच्या वहीत तुम्ही एकच ओळ खोडून लिहिलीत, तर अख्खी वही कशाला पाठवायची?

लोकल जिंकते तेव्हा

एवढं करूनही फाइल फारच मोठी असेल तर? मग एक जुनाच उपाय आहे. डिस्क पिशवीत घाला आणि निघा! १ टेराबाइटची, म्हणजे १ लाख कोटी बाइटची डिस्क घेऊन तुम्ही गोवंडीहून लोकलने सीएसएमटीला गेलात आणि पाऊण तास लागला असं धरा. हिशेब केला तर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट पडतात. आपल्या साहेबांच्या नव्या लाइनपेक्षाही तिपटीने जास्त!

हसू नका, मोठमोठे शास्त्रज्ञ हेच करतात. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाला दाखवलं गेलं, ते आठवतं? त्यासाठी २०१७ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या दुर्बिणींनी जमवलेली माहिती डिस्कवर भरून विमानाने नेली होती. त्यांतली एक दुर्बीण दक्षिण ध्रुवावर होती. तिथल्या डिस्क आणायला ध्रुवावरचा हिवाळा संपेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं!

वाट बदलली तरी वेळ बदलतो, बरं का. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या. मुंबईहून युरोपकडे जाणारा कितीतरी माल त्याच वाटेने जायचा. भारतातलं इंटरनेट एकदम मंदावलं. उरलेल्या केबलवर गर्दी झाली आणि पुष्कळ पुडक्यांना पूर्वेकडून लांबचा वळसा घ्यावा लागला. त्या दिवशी आपला संगणक, वायर आणि खिडकी कितीही ठीक असली, तरी फाइल रखडणारच होती. म्हणून रोजच्या फेरीचा वेळ टिपून ठेवावा. काल २०० होता आणि आज ३५० झाला, तर वाटेत काहीतरी झालं, हे लगेच कळतं.

पोचलं, पण धड पोचलं का?

शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. फाइल पोचली म्हणजे संपलं नाही. ती जशीच्या तशी पोचली का, हे बघायला हवं. त्यासाठी अख्ख्या फाइलीवरून एक खूणसंख्या काढतात. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने काढलेली खूण ६४ अक्षर-अंकांची असते. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी खूण पार बदलून जाते. दोन्हीकडे खूण काढायची आणि ताडून पाहायची. जुळली तर फाइल धड. नाही जुळली तर पुन्हा पाठवायची. घाई असली तरी ही पायरी गाळायची नाही.

कारण फाइल म्हणजे नुसते आकडे नसतात. ७,२४,११५ बायकांनी आपलं काम बाजूला ठेवून, दारात आलेल्या अनोळखी माणसाला आपल्या घरातलं सुखदुःख सांगितलं. बाळाला काट्यावर ठेवू दिलं, बोटातून रक्ताचा थेंब दिला. लस कुठे कमी पडते, कुठली मुलं अशक्त आहेत, हे देशाला अशा उत्तरांवरून कळतं. एखादं उत्तर वाटेत बिघडलं, तर त्या घराचा आवाजच बदलला. म्हणून वेगाइतकीच शहानिशा मोलाची.

आता तुमची पाळी

आई-बाबांना विचारून घरच्या संगणकावर पिंग करून बघा. जवळचा सर्व्हर आणि दूरचा सर्व्हर, दोघांच्या फेरीचा वेळ वहीत लिहा. सकाळी, दुपारी आणि रात्री. काही फरक दिसतो का? वायरींना मात्र मोठ्या माणसांशिवाय हात लावायचा नाही.

आणि ही दोन गणितं सोडवा.

एक, साहेबांच्या नव्या लाइनवरून, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिटच्या लाइनवरून, पुण्याला तीच फाइल पाठवली. डबे मात्र जुनेच, ६५,५३५ बाइटचे. किती वेळ लागेल? (आठ सेकंद असं पटकन लिहू नका हं!)

दोन, लाइन सेकंदाला ५० मेगाबिटची आणि फेरी १०० मिलिसेकंदांची. लाइन काठोकाठ भरायला किती बाइटचे डबे हवेत?

आणि जाता जाता एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून देतात. टीसीपीचीही हीच रीत आहे! पोच पाठवताना पलीकडच्या संगणकाला स्वतःचं काही पाठवायचं असेल, तर तो ते त्याच पुडक्यात घालून देतो. वेगळी फेरी वाचते. बघा, संगणकसुद्धा आपल्या आजीकडूनच शिकला की काय!

उत्तरं पुढच्या आठवड्यात. तोवर डबे मोजत राहा.